हेल्पएज इंडिया : देणगीच्या पावतीपासून दवाखान्याच्या गाडीपर्यंत

हेल्पएज इंडिया ही वृद्धांच्या आरोग्यासाठी काम करणारी देशव्यापी संस्था एप्रिल १९७८ मध्ये दिल्लीत रीतसर नोंदली गेली. तिची सुरुवात मात्र चार वर्षे आधीची, आणि ती एका नकारातून झाली. मार्च १९७४ मध्ये सेसिल जॅक्सन-कोल हे इंग्रज व्यावसायिक भारतात आले होते. १९४२ मध्ये निघालेल्या ऑक्सफॅमच्या संस्थापकांपैकी ते एक. १९६१ मध्ये त्यांनी इंग्लंडात ‘हेल्प द एजेड’ ही खास वृद्धांसाठीची संस्था काढली होती. दिल्लीतील समाजसेवक सॅमसन डॅनियल यांनी त्यांची गाठ घेतली आणि तशीच संस्था दिल्लीत काढण्यासाठी पैसे मागितले. जॅक्सन-कोल यांनी पैसे दिले नाहीत. देणग्या कशा उभ्या करायच्या ते शिकवतो, एवढेच सांगितले. डॅनियल पती-पत्नी लंडनला गेले, तीन महिने शिकले आणि परत आल्यावर त्यांनी दिल्लीतल्या शाळकरी मुलांची पदयात्रा काढली. मुलांनी चालायचे आणि त्या चालण्यापोटी ओळखीच्यांनी देणगी द्यायची, अशी ती पद्धत होती. तिला एवढा प्रतिसाद मिळाला की १९७५ मध्ये मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथेही माणसे नेमून काम सुरू झाले. संस्थेची नोंदणी झाल्यावर तीनच महिन्यांत इंग्लंडहून येणारा निधी थांबला आणि ती स्वतःच्या पायावर उभी राहिली. पुढे १९८३ मध्ये भारत, ब्रिटन, कॅनडा, कोलंबिया आणि केनिया या पाच देशांतील संस्थांनी मिळून हेल्पएज इंटरनॅशनल स्थापन केली, तेव्हा भारतीय संस्था संस्थापक सदस्य म्हणून त्यात होती.

शाळांमधून देणगी गोळा करण्याची ही रीत पुढे बरीच वर्षे चालली. मुंबई-पुण्याच्या शाळांत शिकलेल्या आणि आता पन्नाशीला टेकलेल्या अनेकांना तो छापील तक्ता आठवत असेल : देणाऱ्याचे नाव, रक्कम आणि सही. मुले तो घेऊन चाळीतली दारे वाजवीत. शेजारच्या काकू रुपया-दोन रुपये देत आणि सही मात्र ठळक करीत. संस्थेच्या पहिल्या काळातला मोठा पैसा अशा चिल्लरीतून आला. याचा एक परिणाम हिशेबाच्या वहीत दिसत नाही. म्हातारपण हा घराबाहेरच्या लोकांनीही विचार करण्याचा विषय आहे, हे त्या तक्त्याने हजारो घरांच्या उंबऱ्यापर्यंत नेले.

त्या काळी तसा विचार करण्याची सवय कोणालाच नव्हती. १९७१ ते ७५ या वर्षांत भारतातले सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या आत होते. सरकारी आरोग्यसेवेची सगळी शक्ती हिवताप, देवी, क्षय, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांवर खर्च होत होती आणि ते योग्यही होते. म्हातारी माणसे थोडी होती आणि त्यांचे करणारे घरात कोणीतरी आहे, असे सर्वांनी गृहीत धरले होते. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय दहा कोटींच्या वर गेले. महाराष्ट्रात ते सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ९.९ टक्के भरले. मधल्या काळात माणसांचे आयुष्य वाढले आणि घरातली करणारी माणसे बाहेरगावी गेली.

हे बाहेरगावी जाणे कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीच्या पंचक्रोशीला नवे नाही. गडहिंग्लज, आजरा आणि चंदगड या तालुक्यांतली दोन-तीन पिढ्यांची तरुण माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांत गेली. भातशेती आणि म्हातारे आईवडील गावी, आणि कमावता हात परळ-लालबागच्या खोलीत, अशी घरांची विभागणीच होऊन गेली होती. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर नोकऱ्या गेलेले कितीतरी लोक गावी परतले. तेव्हाचा चाळिशीतला कामगार आज ऐंशीच्या पुढे आहे. त्याच्या हाती पेन्शन नाही किंवा असली तर नावापुरती आहे. मुलगा पुण्याला, गोव्याला किंवा कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांनी येथे मरण पत्करले, म्हणून महाराष्ट्र नेसरीला ओळखतो. आजच्या नेसरीतल्या वयस्कर माणसाची लढाई मात्र रोजची आणि बिननावाची आहे : रक्तदाब, साखर, गुडघे आणि डोळे.

हेल्पएजने हाती घेतलेले पहिले मोठे आरोग्यकाम डोळ्यांचे होते. १९८० पासून संस्था गरीब वृद्धांच्या मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा खर्च उचलू लागली. तिने स्वतःची रुग्णालये बांधली नाहीत. जिथे चांगले नेत्ररुग्णालय आहे त्याला दर शस्त्रक्रियेमागे पैसे द्यायचे आणि रुग्णाकडून काही घ्यायचे नाही, अशी व्यवस्था ठेवली. इमारतीत पैसा न अडकवण्याचा हा निर्णय शहाणपणाचा ठरला. अनेक धर्मादाय संस्था वास्तू उभारण्यातच दमतात आणि नंतर त्या वास्तूची रंगरंगोटी हेच त्यांचे काम होऊन बसते.

त्या वेळची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आजच्यासारखी नव्हती. शाळा किंवा धर्मशाळा ताब्यात घेऊन शिबिर भरे. डोळ्यातले गढूळ झालेले भिंग अख्खे काढून टाकत आणि त्या जागी काही बसवत नसत. रुग्णाला डोळ्याला पट्टी बांधून काही दिवस उताणे पडून राहावे लागे आणि पुढे जन्मभर भिंगासारखा जाड, दहा नंबरच्या घरातला चष्मा लावावा लागे. त्या चष्म्यातून सरळ समोरचे दिसे, पण बाजूचे दिसत नसे. पायरी होती त्यापेक्षा जवळ वाटे. चष्मा फुटला किंवा गोठ्यात कुठे पडला की माणूस पुन्हा आंधळा. त्यामुळे ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू’ असे म्हणत लोक शस्त्रक्रिया पुढे ढकलत. त्या काळच्या पद्धतीत त्यात थोडे तथ्यही होते. नंतर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रुळली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा मोठा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. त्याने शिबिराच्या मांडवातून रुग्णालयातल्या शस्त्रक्रियागृहाकडे जाण्याला वेग आला. आज बिनटाक्याची शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आत होते आणि रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. पिकण्याची वाट पाहणे आता उलट घातक आहे, कारण फार जुना मोतीबिंदू कठीण होतो, काढायला अवघड जातो आणि कधी डोळ्यातला दाब वाढवतो. तरीही ‘पिकला नाही अजून’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतेच. पद्धत बदलली तरी पद्धतीबरोबर आलेला सल्ला मागे राहतो.

मोतीबिंदूची एक सोय अशी की तो एकदा काढला की संपला. म्हातारपणाचे बाकीचे आजार तसे नाहीत. संस्थेच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा बदल या फरकातून झाला. १९८२ मध्ये हेल्पएजने पहिला फिरता दवाखाना सुरू केला. त्याच वर्षी व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांची वार्धक्यावरची पहिली जागतिक परिषद भरली होती. परिषदेने आराखडा दिला. गाडीने वाड्या-वस्त्यांची वाट धरली. पुढच्या चार दशकांत अशा गाड्यांची संख्या शंभरावर गेली आणि फिरता दवाखाना हीच संस्थेची ओळख बनली.

गाडीची रचना साधी आहे. त्यात एक एमबीबीएस डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक सामाजिक कार्यकर्ता आणि चालक असतो. औषधांची कपाटे, रक्तदाबाचे यंत्र, बोटातून थेंब काढून साखर पाहण्याचे यंत्र आणि वजनकाटा एवढे साहित्य. गाडीला ठरलेली गावे किंवा वस्त्या असतात आणि प्रत्येक वस्तीला ठरलेला वार. सोमवारी ज्या देवळासमोर गाडी उभी राहते, तिथेच ती पुढच्या सोमवारी उभी राहते. वृद्धाला एक कार्ड मिळते. त्यावर त्याचा क्रमांक, आजार, मागच्या वेळचा रक्तदाब आणि दिलेली औषधे लिहिलेली असतात. औषधे पुढच्या फेरीपर्यंत पुरतील एवढी दिली जातात. गोळ्या संपायला आणि गाडी यायला एकच गाठ पडते. जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्या घरी डॉक्टर जातो. ज्याचा आजार गाडीत बरा होण्यासारखा नाही, त्याला चिठ्ठी देऊन रुग्णालयात पाठवतात.

यात ‘वार’ हा सर्वांत मोलाचा भाग आहे. त्याचे कारण एखाद्या आजीची औषधाची पिशवी उघडली की कळते. पिशवीत तीन-चार प्रकारच्या गोळ्या असतात. दुकानदाराने पट्टी कापून दिलेली असते, त्यामुळे औषधाचे नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्या, कुठेतरी गेलेल्या तुकड्यावर. आजी गोळ्या रंगाने ओळखते : पांढरी सकाळची, पिवळी रात्रीची. पुढच्या खेपेला दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली की रंग बदलतो आणि एक तर ती बंद होते किंवा दोन्ही पांढऱ्या एकदम पोटात जातात. रक्तदाबाचे तर आणखी वेगळे. तो दुखत नाही. महिनाभर गोळी घेतली, मोजला, बरोबर निघाला की ‘बरा झाला’ म्हणून गोळी थांबते. गोळीमुळेच तो बरोबर आहे, हे दर फेरीला कोणीतरी समोर बसून सांगावे लागते. एकदा सांगून भागत नाही. गाडीतल्या औषधनिर्मात्याचे निम्मे काम हेच आहे : जुन्या पट्ट्या काढून घेणे, नव्या मोजून देणे आणि कोणती केव्हा ते पुन्हा सांगणे.

महाराष्ट्रात आरोग्यसेवेचे लोकप्रिय रूप म्हणजे शिबिर. नेत्याचा वाढदिवस असो की संस्थेचा वर्धापनदिन, मांडव पडतो, रांगा लागतात, रक्तदाब-साखर तपासली जाते, पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. डोळ्यांसाठी शिबिराचा उपयोग आहे, कारण तिथे रुग्ण शोधून पुढे पाठवायचा असतो. मधुमेहाच्या रुग्णाला मात्र शिबिराने एवढेच कळते की त्याला मधुमेह आहे. आणि ते बहुधा त्याला आधीच ठाऊक असते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीवरील सुमारे ७५ टक्के लोकांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार असल्याचे आढळले. दीर्घकालीन आजाराला लागते ती नियमितता. हेल्पएजच्या कामाचे वेगळेपण औषध फुकट देण्यात कमी आणि ते ठरल्या दिवशी, ठरल्या जागी पुन्हा देण्यात जास्त आहे.

नेसरीसारख्या गावाच्या बाबतीत अंतराचा हिशेबही निराळा लागतो. नेसरीत ग्रामीण रुग्णालय आहे, गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या आजाराला कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय किंवा बेळगाव. एसटीत पासष्टीनंतर अर्धे तिकीट, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट आणि मार्च २०२३ पासून सर्व वयांच्या महिलांना अर्धे तिकीट. म्हणजे भाडे ही मोठी अडचण उरलेली नाही. अडचण सोबतीची आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाला एकट्याला एसटीत चढता येत नाही, म्हणून सून किंवा नातू बरोबर लागतो. त्याचा दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि हे दर महिन्याला होणार असेल तर तिसऱ्या महिन्यापासून ‘गोळ्या आणून देतो, तू कशाला येतोस’ असे सुरू होते. मग तपासणी सुटते आणि जुन्याच चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या येत राहतात. आजूबाजूच्या वाड्यांतून नेसरीला येणाऱ्यांचीही हीच गत. फिरता दवाखाना हा प्रश्न रस्त्याने सोडवतो. माणसाऐवजी डॉक्टर फिरतो.

मात्र गाड्या कुठे फिरतात, हे बऱ्याच अंशी पैसा कुठून येतो यावर ठरते. शाळकरी मुलांच्या तक्त्यांची जागा पुढे कंपन्यांच्या निधीने घेतली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे १ एप्रिल २०१४ पासून बंधनकारक झाले. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वृद्धाश्रम, दिवसभराची निगा केंद्रे आणि ज्येष्ठांसाठीच्या सुविधा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हेल्पएजसारख्या संस्थांना याचा मोठा आधार झाला. पण त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे : कंपनीने आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे. हे कंपनीच्या दृष्टीने रास्त आहे. परिणाम असा की जिथे रिफायनरी, बंदर, वीज प्रकल्प किंवा मोठी औद्योगिक वसाहत आहे, तिथे वृद्धांसाठी गाडी येण्याचा संभव जास्त. भात, ऊस आणि काजू यांवर जगणाऱ्या, तरुण बाहेर पाठवणाऱ्या डोंगरकडेच्या भागात वृद्धांचे प्रमाण जास्त आणि मोठे उद्योग थोडे, म्हणून गाडी येण्याचा संभवही कमी. गरज एका नकाशावर आहे आणि निधी दुसऱ्या. वृद्धांच्या आरोग्यसेवेतली ही आजची एक मोठी त्रुटी आहे.

औषधाबरोबर संस्थेने इतर कामेही जोडली. ‘सपोर्ट अ ग्रॅन’ या योजनेत देणगीदार एखाद्या निराधार आजीचा किंवा आजोबांचा शिधा, कपडे आणि हातखर्च उचलतो. गुडघे-कंबरेसाठी भौतिकोपचार केंद्रे निघाली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर किनारपट्टीवरच्या वृद्धांचे बचत गट बांधले गेले आणि ती पद्धत नंतर अन्यत्र नेली. गाडीतल्या सामाजिक कार्यकर्त्याचे काम अर्जांचे असते. त्याचे महत्त्व डॉक्टरपेक्षा कमी नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये सुरू व्हायचे तर वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते आणि आधारवरचे नाव हे सगळे एकमेकांशी जुळावे लागते. ज्यांच्या जन्माची नोंदच नाही त्यांचे वय आधारवर अंदाजाने पडलेले असते. त्या अंदाजात दोन-तीन वर्षे कमी पडली की पेन्शन तेवढी वर्षे लांबते. आणि पेन्शन हातात असली की औषधही वेळेवर येते.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने मुलांकडून पोटगी मागण्याची सोय केली. महाराष्ट्रात त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. नेसरीकरांसाठी ते कार्यालय गडहिंग्लजला आहे. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. गावात मात्र हा कायदा वापरणारे थोडे, कारण मुलाविरुद्ध अर्ज करणे म्हणजे चार माणसांत घराची लाज काढणे असे आईबापच मानतात. हेल्पएज दरवर्षी १५ जून या वृद्ध छळविरोधी जागृतिदिनी या विषयावर अहवाल काढते.

महाराष्ट्रात हेल्पएज एकटी नव्हती. १९८० मध्ये ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, म्हणजे फेसकॉम, स्थापन झाला आणि शहरोशहरीच्या संघांना एक व्यासपीठ मिळाले. १९८८ मध्ये डॉ. विनोद शहा यांनी पुण्यात जनसेवा फाउंडेशन काढले. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. शैलू श्रीनिवासन यांनी डिग्निटी फाउंडेशन सुरू केले. एकटेपणा आणि स्मृतिभ्रंश यांवर त्या संस्थेचा भर राहिला. या संस्थांचे पिंड वेगळे आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ मुख्यतः निवृत्तिवेतनधारकांचे. तिथे व्याख्याने, सहली, वाढदिवस होतात आणि सभासदांची प्रकृती त्या निमित्ताने बरी राहते. हेल्पएजचा रुग्ण वर्गणी भरून सभासद होणारा नाही. केंद्र सरकारची ‘एल्डरलाइन’ ही १४५६७ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा २०२१ मध्ये देशभर सुरू झाली. महाराष्ट्रात ती चालवण्याची जबाबदारी जनसेवा फाउंडेशनकडे आली.

सरकारनेही हळूहळू हा विषय हाती घेतला. जानेवारी १९९९ मध्ये राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरण आले. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यनिगेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांची तपासणी अशी योजना आहे. ठरलेल्या वाराची कल्पना इथेही आली. जिथे हा वार नियमाने पाळला जातो तिथे गाडीची उणीव बरीच भरून निघते. वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा रिकामी असली की वार कागदावर राहतो. २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेने काठ्या, चष्मे, कानाची यंत्रे आणि कवळ्या दिल्या. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेने पासष्टीवरच्यांना अशा साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये दिले.

२०२० हे वर्ष संस्थेसाठी दोन कारणांनी लक्षात राहिले. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ज्यांना करोनाचा धोका सर्वाधिक त्यांनाच घरात कोंडून घ्यावे लागले. बाजार बंद, एसटी बंद, रुग्णालये करोनाच्या रुग्णांनी भरलेली. अशा वेळी रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या कोण देणार, हा प्रश्न सगळीकडे एकदम उघडा पडला. त्याच वर्षी संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. संस्था गटात तो मिळवणारी ही पहिली भारतीय संस्था होय.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा मोडलेल्या खुब्याचे सांधारोपण यांसारख्या खर्चांसाठी घरे कर्जात जात, त्यांना याने मोठा दिलासा दिला. ही योजना मात्र रुग्णालयात दाखल झालेल्यांची आहे. सकाळची पांढरी आणि रात्रीची पिवळी गोळी, महिन्याची साखर तपासणी, गुडघ्याचा व्यायाम शिकवणारा माणूस आणि अंथरुणावरच्या आजोबांच्या पाठीवरची जखम पाहायला घरी येणारा डॉक्टर तिच्यात बसत नाहीत. तो भाग अजूनही प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये आणि जिथे पोहोचल्या आहेत तिथे फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या यांच्याकडेच आहे.